आधी आपला हात

आमच्या घरचे किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. धुतलेल्या कपड्यांसारखे ते खुर्चीवर साचत जातात आणि पाहुणे येणार म्हटलं की सगळे एकदम दिसतात! बहुतेक किस्से पायलताईमुळे साचले. माझी ही मोठी बहीण नर्सिंगला आहे. दर रविवारी तिच्या दोन मैत्रिणी मानेवाड्याला आमच्या घरी येतात आणि तिघी एकमेकींना शिकवतात. पेशंट मी असते. मी दहावीत आहे आणि फारशी बोलत नाही. त्या दोघींतल्या श्वेताताईच्या मते पेशंटमध्ये एवढे गुण पुरेत.

दुसरी मैत्रीण प्रणालीताई, भिवापूरची. तिघींत हिचा हात सगळ्यात हलका. तरी मागच्या प्रॅक्टिकलला ती नापास झाली, कारण पेशंटशी ती एक शब्दही बोलली नाही! आपण काय करणार ते पेशंटला आधी सांगायचं असतं, त्याला मार्क असतात. "यंदा पास निघाली नाही, तर सामान घेऊन वापस ये," असं तिच्या बाबांनी फोनवर सांगून टाकलंय.

*

एकदा श्वेताताईने माझ्या दंडाला बीपीचा पट्टा बांधला, फुगा दाबून दाबून तो फुगवला आणि मग ताईला होस्टेलमधलं भांडण सांगत बसली. भांडण मोठं होतं. माझी बोटं जांभळी झाली.

"दुखून राहिलं होतं तर सांगाचं ना वं!" ती ओरडली.

"मोजताना पेशंटनं बोलायचं नाही, असं तुम्हीच म्हणालात," मी म्हणाले.

त्या दिवशी नियम झाला : आधी आपला हात. पट्टा पहिले स्वतःच्या दंडाला बांधायचा, फुगा दुसरीच्या हातात द्यायचा, आणि मग पेशंटकडे वळायचं.

*

बीपी शिकवते पायलताई. स्टेथोस्कोप कानात घातला की तिचा चष्मा घसरतो, मग ती एका बोटाने तो वर ढकलते आणि मोजायला लागते.

वॉर्डात कॉलेजच्या मॅडमनी पाहिलं, श्वेताताई आणि प्रणालीताई, दोघीही स्टेथोस्कोप घातला की नाकावर बोट टेकवतात. चष्मा दोघींनाही नाही!

"ही कोणती स्टेप?" मॅडमनी विचारलं.

"मॅडम, ही पायलनं शिकवली," श्वेताताई अभिमानाने म्हणाली.

*

पेशंटला न उठवता त्याच्याखालची चादर कशी बदलायची, तो धडा होता त्या दिवशी मी ट्यूशनला गेले होते. बाबा मात्र दुपारचे घोरत होते. तिघींनी त्यांना कुशीवर वळवलं, जुनी चादर ओढली, नवी सरकवली. बाबांचं घोरणं थांबलं नाही.

आई दारातून बघत होती. "मी हाका मारून थकते तर हा माणूस कूससुद्धा बदलत नाही," ती म्हणाली. "पोरींनो, रोज येत जा!"

*

परीक्षा जवळ आली तेव्हा प्रणालीताईला बोलतं करायचं काम माझ्याकडे आलं. मी भांडखोर पेशंट व्हायचं आणि तिने माझी समजूत घालायची. ती स्टुलावर बसली, मी पलंगावर. बराच वेळ पंखाच तेवढा बोलला.

"काहून वं, दोघी ध्यानाले बसल्या का?" श्वेताताई वैतागली.

शेवटी प्रणालीताई पाठ केलेलं म्हणाली, "मी आता तुमचं बीपी मोजणार आहे. घाबरू नका."

"मी नाही घाबरले," मी म्हणाले.

"मी घाबरली ना!" ती म्हणाली.

*

परीक्षेच्या दिवशी ताई शेजारच्याच बेडपाशी होती, म्हणून हे मला कळलं. प्रणालीताईच्या वाट्याला एक आजी आल्या. त्यांनी दोन्ही हात पदरात घट्ट गुंडाळले होते.

"सकाळपासून सगळ्या पोरी मलेच दाबून राहिल्या! मले नाही मोजाचं!"

प्रणालीताईला पाठ केलेलं काहीच आठवेना. बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम दोन बेड पलीकडे पोचल्या होत्या. तेव्हा तिने रविवारी करायची तेच केलं. पट्टा स्वतःच्या दंडाला बांधला, नाकावर बोट टेकवलं, स्टेथोस्कोप आजींच्या कानात घातला आणि फुगा त्यांच्या हातात दिला.

"आजी, पहिले माझं मोजा."

आजींचे हात पदरातून बाहेर आले. त्या मन लावून फुगा दाबू लागल्या. मॅडम येऊन उभ्या राहिल्या.

"यात पेशंट कोण आहे?"

"श्श!" आजी म्हणाल्या. "मोजून राहिली ना मी!"

मॅडमनी हातातला पेन बंद केला. हळूच विचारलं, "किती आहे, आजी?"

"आकडे मले काय समजते? पन धडधड लय आहे बापा," आजी म्हणाल्या. "पास करून टाका पोरीले, आपोआप उतरन!"