लमजेदची हवा आणि मन्नूबियाची शेगडी

सफाकस शहरातल्या आमच्या गल्लीत लमजेदसारखा सालस मुलगा शोधून सापडणार नाही, पण तो करतो काय हे कोणाला धड सांगता येत नाही. लोक म्हणतात, हवा मोजतो. त्याची आई मन्नूबिया म्हणते, "सरकारी हवा!"

गल्लीच्या हॉलवरचे जुने ॲस्बेस्टॉसचे पत्रे उतरवले आणि आतली हवा तपासायचं काम नेमकं त्याच्याकडे आलं. हवेत पत्र्यांचे छातीत जाणारे घातक तंतू नाहीत असं त्याने लिहून दिलं तरच हॉल उघडणार, आणि रविवारी तिथेच त्याच्या धाकट्या बहिणीचं, रीमचं लग्न!

शुक्रवारी तो मास्क चढवून आत शिरला आणि ब्रशने कोपरान् कोपरा झाडू लागला. दडलेली धूळ उडाली की त्याच्या यंत्राचा पंप ती गाळणीवर ओढून घेतो. मन्नूबियाने दारातून पाहून कपाळाला हात लावला.

"असं झाडायला शिकवलं मी तुला? सगळी धूळ वर!"

"यम्मा, तीच पकडायचीय. तू आत पाऊल टाकू नकोस."

पंप चालू ठेवून तो जुम्म्याच्या नमाजाला गेला. परतला तर दाराशी शेगडी, शेगडीत ऊद, आणि मन्नूबिया पंख्याने धूर आत ढकलतेय.

"यम्मा, हे काय!"

"पाऊल नाही हो टाकलं! यंत्राची दृष्ट काढली. सगळ्या गल्लीचा डोळा त्याच्यावर."

सूक्ष्मदर्शकाखाली गाळणी तव्यासारखी काळी. तंतू होते की नव्हते, अल्लाहलाच ठाऊक.

"मग लिही की, हवा चांगली आहे. वास तरी बघ!"

"लग्नाला पोरंटोरं येणार, यम्मा. न बघता नाही लिहायचा मी."

"बहिणीचं लग्न रस्त्यावर लावशील?"

"लावेन."

मन्नूबियाने अबोला धरला, ताटात मात्र दुप्पट वाढलं.

शनिवारी पुन्हा झाडणं, पुन्हा पंप. या खेपेला लमजेदने दाराशी खुर्ची टाकून राखणीला आईलाच बसवलं. ती तस्बीहचे मणी ओढत जप करत बसते न बसते तोच नवरदेवाची आई सालुहा आली, नटूनथटून, हातात स्वतःची शेगडी घेऊन.

"लग्नाआधी हॉलला ऊद नको दाखवायला?"

मन्नूबिया अशी उठली की तस्बीह खाली पडली. "मागे हो! हवा चालू आहे, दिसत नाही?"

सालुहा फणकाऱ्याने निघून गेली.

संध्याकाळी गाळणी स्वच्छ निघाली, अल्हम्दुलिल्लाह! लमजेदने सही केली. मन्नूबिया कागदाकडे न बघता तडक सालुहाच्या दारी गेली, तिची मनधरणी केली, आणि दोघी दोन शेगड्या घेऊन हॉलमध्ये शिरल्या.

रविवारी धुरात नवरीसुद्धा दिसेना. लमजेद खोकून खोकून बेजार.

"आता मोज," मन्नूबिया म्हणाली.