हात काढला तेव्हा

मारोतीच्या जन्माचा दिवस होता. चैत्राचं ऊन डोक्यावर आलं होतं आणि आमच्या मेडशीच्या आखाड्यातून दोघा गड्यांच्या आधाराने आमचे मालक घरी आले. उजवा हात असा लोंबत होता, जणू तो त्यांचा नव्हेच, कोणीतरी सांभाळायला दिलाय. खांद्याची गोलाई गेली होती आणि तिथे खळगा पडला होता. खांदा उतरला होता. आमच्या भागात उतरलेला सांधा बसवणारा एकच माणूस, माझे सासरे, आणि ते त्याच सकाळी बैलगाडीने मालेगावला गेलेले. दिवेलागणीशिवाय परतणार नव्हते. घरात हाड ओळखणारं दुसरं कोणी असेल तर ती मी होते, आणि मी अजून शिकत होते. त्या दुपारी काय झालं ते सांगते. त्याला चमत्कार म्हणा, नका म्हणू, मी वाद घालणार नाही. या वयात वाद घातला की दम लागतो.

सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणत असू. आखाड्यातल्या मालिशचे ते वस्ताद. कुस्तीआधी पैलवानाचं अंग मोकळं करायचं, कुस्तीनंतर आखडलेली शीर, लचकलेला घोटा चोळून जागेवर आणायचा, हे त्यांचं काम. पण त्यांच्या हाताला कंप सुटला होता. तेलाची वाटी उचलली की अर्धं तेल धोतरावर. एकुलता एक मुलगा पैलवान. त्याला माणूस पाडता येत असे, उभा करता येत नसे. मग त्यांनी सुनेला धरलं. अडचण अशी की आखाड्याच्या मातीत बाईचं पाऊल चालत नसे, आणि पैलवानाला बाईच्या हाताचं तेल लागलं की त्याचा जोर उतरतो असं सगळं गाव मानत असे. म्हणून माझी शाळा भरली गोठ्यात. पहिला पैलवान म्हणजे आमचा पटात पळणारा बैल. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, धावून आला की त्याच्या मांड्या मी करडीच्या तेलाने चोळायच्या. त्याने पहिल्याच दिवशी लाथ घालून मला शेणात बसवलं. मामाजी खाटेवरून म्हणाले, "त्याचा राग नको करू व. तू चोळून नाई राह्यली, भांडून राह्यली."

दुसरा धडा कणकेचा. कणकेच्या गोळ्यात ज्वारीचा एक दाणा दडवायचा, वर धोतराची घडी टाकायची आणि बोटांनी तो दाणा कुठे आहे ते सांगायचं. मामाजी म्हणत, "शोधू नको. बोट ठिव अन् थांब. दाणा भेटाले येते." थांबणं माझ्या रक्तात नव्हतं. मी गोळा असा रगडायची की दाण्याचं पीठ व्हावं. एकदा तर युक्ती केली, ज्वारीच्या जागी गुपचूप भुईमुगाचा दाणा घातला आणि झटक्यात सांगितलं, हा इथे. मामाजींनी दाणा काढला, खाल्ला आणि म्हणाले, "ज्वारी यंदा लय तेलकट झाली." तेव्हाची मी म्हणजे अशी हुशार होते. हळूहळू मालकांचे पाय, पाठ, खांदे माझ्या हाताखाली आले, दार लावून. बाहेर आखाड्यात ते सांगत, बाबानं चोळून देल्ला. मी आतून ऐकायची आणि दातओठ खायची.

मामाजींचा नेम होता. ज्या दिवशी शिष्य एकट्याने सांधा बसवील, त्या दिवशी ते त्याच्या मनगटाला काळा गंडा बांधत. गंडा बांधला की तो मालिशवाला झाला, लोकांनी त्याच्या हाती अंग द्यावं. मला तो गंडा हवा होता, फार हवा होता. रोज सकाळी मी मारोतीच्या देवळाच्या बाहेरून, रस्त्यावरूनच हात जोडायची आणि म्हणायची, "मारोतीराया, माह्या हाताले यश दे, बाकी मी पाह्यतो." देवाला इतकं कमी काम सांगणारी भक्तीण त्याने दुसरी पाहिली नसेल. आज ती प्रार्थना आठवली की मी एकटी बसल्या बसल्या हसते. सुना विचारतात काय झालं. काय सांगणार?

तर त्या दुपारी तीच पोरगी पदर खोचून पुढे झाली. मालकांना अंगणातल्या निंबाखाली घोंगडीवर निजवलं. सोबतचा एक गडी परत गेला होता; दुसरा किसन, यांचा कुस्तीतला जोडीदार, म्हणाला, "वहिनी, वस्ताद येऊ द्या. तुमी नका हात लावू."

"तोवर सूज चढन. मंग मांस घट्ट धरते. मी बसोतो."

"बाईच्या हातानं?"

"पायानं बसोतो. मंग तं चालते ना?" असं म्हणून मी खरंच मामाजींच्या पद्धतीने यांच्या काखेत टाच दिली आणि मनगट धरून ओढलं. हे इतक्या जोरात ओरडले की गोठ्यात बैल उठून उभा राहिला. सांधा जागचा हलला नाही. पुन्हा ओढलं. खांद्याचे स्नायू दोरखंडासारखे ताठ झाले होते. मी ओढावं तसे ते उलटे धरून ठेवत होते. मला घाम फुटला. यांचा चेहरा राखेसारखा झाला. ते कसेबसे उठले, सावलीच्या कडेला टाकलेल्या बाजल्यावर पालथे पडले आणि हात खाली लोंबू दिला, कारण तसंच काय ते थोडं सोसवत होतं. मग हळूच म्हणाले, "बोटाले मुंग्या येऊन राह्यल्या."

ते ऐकलं आणि मला एक वाळलेला हात आठवला. मालेगावच्या बाजारात एक माणूस बसत असे. त्याचा उतरलेला खांदा कोणीतरी आडदांडपणे ओढला होता. हात वाळून काठीसारखा झाला होता. मामाजींनी तो मला मुद्दाम दाखवला होता. म्हणाले होते, जोर केला की हाड मोडते नाहीतर शीर तुटते, मंग देवबी नाई जोडत. आता इकडे जोर करावा तर तो धोका, थांबावं तर सूज चढत होती, मुंग्या वर सरकत होत्या. कुस्ती गेली तर जाऊ दे, पण उजव्या हाताशिवाय हा माणूस वखर कसा धरणार, घास कसा तोंडात घालणार? आणि किसन गोठ्यातून बैलाचं दावं घेऊन आला. "मनगटाले बांधू अन् दोघं मिळून वढू. एकदाचं होऊन जाईन."

मी नाही म्हणायला हवं होतं. त्याऐवजी दाव्याचं एक टोक मी हातात घेतलं.

"माय, पाणी हाय काय व?"

फाटकात एक बाई उभी होती. उतारवयाची, उन्हाने काळवंडलेली, डोक्यावर गाठोडं, हातात पितळी चरवी, चरवीच्या गळ्याला कापडाची पट्टी. मी तिच्यावर ओरडले, "दिसत नाई काय? अठी माणूस मरून राह्यला."

"वरडणारा मरत नाई," ती म्हणाली आणि सरळ आत आली. रांजणातून चरवी गळ्यापर्यंत भरून घेतली. प्यायली मात्र नाही. गाठोडं सैल झालं होतं ते पुन्हा बांधायचं होतं बहुतेक, कारण तिने इकडेतिकडे पाहिलं, बाजल्याखाली लोंबणारा हात पाहिला आणि चरवीची पट्टी अलगद यांच्या मनगटात अडकवली. "धर बाप्पा थोडं. माहं बोचकं आवरू दे."

किसन म्हणाला, "ओ बाई, खांदा उतरला त्याचा."

"खाली तं नाई ठेवता येत, माती लय तापली," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "अन् तू काहून दावं धरून बसली? तो काय खुट्याचा बैल हाय? हात काढ. पाठीवर ठिव, नुसता."

का ऐकलं कोण जाणे. दावं खाली टाकलं आणि हात यांच्या पाठीवर ठेवला. ती बाई ओट्यावर बसून गाठोडं सोडून बांधू लागली आणि यांच्याशी बोलू लागली, जणू हे सासुरवाडीला पाहुणे आलेत. बैल कोणत्या गावचा? पटात पहिला आला का? "आला होता," हे म्हणाले. मग कोणाच्या बैलाला मागे टाकलं? हे सांगू लागले. बैलाचं नाव निघालं की आमच्या मालकांना स्वतःचं दुखणं आठवत नसे. त्यांचा श्वास लांबत गेला, तो मला पाठीवरच्या हाताला कळत होता. चरवी संथ लोंबत होती. हात सारखा चुळबुळत होता माझा. कुठेतरी दाबावं, चोळावं, काहीतरी करावं. इतकं अवघड काम मी आयुष्यात दुसरं केलं नाही. मनात मारोतीचं नाव घेत होते, पण यश दे म्हणायचं विसरले. बाकी मी पाहते हेही विसरले. पाहायला माझ्याकडे काही उरलंच नव्हतं.

बाजल्याची सावली ओट्याला जाऊन टेकली आणि हाताखाली मला ते कळलं. ताठलेला स्नायू एकेक पदर सोडत होता. कणकेतला दाणा बोटाला भेटायला यावा तसं आत काहीतरी सरकलं, टुक असा बारीक आवाज झाला आणि हे बैलाची गोष्ट अर्धवट टाकून म्हणाले, "अवं, बसला."

मी खांदा चाचपला. गोलाई परत आली होती. बोटं हलवायला सांगितली, हलली. मी लुगडं फाडून हात छातीशी बांधू लागले आणि त्या गडबडीत बाईने चरवी काढून घेतली, उभ्याउभ्या घटाघटा पाणी प्यायली, तोंड पुसलं, गाठोडं डोक्यावर ठेवलं. फाटकातून तिची पाठ दिसली. बाजल्यावरून यांनी पाणी मागितलं म्हणून मी वळले. परत पाहिलं तर वाट रिकामी. बाहेर धावत गेले, विहिरीवरच्या बायांना विचारलं, कोणी तिला पाहिलं नव्हतं. शेतातून पायवाटा पुष्कळ जातात, तेही खरं.

दिवेलागणीला मामाजी आले. खांद्यावरून बोटं फिरवली. मग विचारलं, "कोणं बसवला?"

मालेगावच्या रस्त्याकडे डोळे लावून मी दुपारभर एक छानसं भाषण तयार केलं होतं. त्यात खांदा मीच बसवला होता. ते मी केलंच नाही. "कोणंच नाई," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं, दाव्यासकट. तुम्हाला वाटेत ती भेटली का, तेही विचारलं. भेटली नव्हती.

मामाजी म्हणाले, "मले हे कोणं शिकवलं नाई. मीबी जिंदगीभर वढतच आलो." मग कनवटीचा काळा दोरा काढून माझं मनगट पुढे घेतलं. मी हात मागे ओढला. म्हटलं, मी बसवला नाही, मला नको.

"बसवला असता तं नसता बांधला," ते म्हणाले. कापऱ्या हातांनी ती गाठ काही केल्या बसेना. शेवटी मीच एक टोक धरलं.

पुढे यांनी आखाड्यात जाहीर सांगितलं की बायकोनं हात काढला म्हणून माझा खांदा बसला. आखाडा पोट धरून हसला. पण त्यानंतर लचकलेले पैलवान आमच्याकडे यायचे, पुढच्या दाराने मामाजींना नमस्कार करायचे आणि मागच्या दाराने माझ्याकडे. कोणाचाही जोर उतरल्याचं ऐकलं नाही.

आता माझे हात कापतात. नात मला तेल लावते आणि फार रगडते. मी तिला बैलाची लाथ सांगते. ती बाई कोण होती हे मी शोधलं नाही. तहानलेली बाई होती एवढं नक्की, आणि माझ्या दारी आली हे माझं भाग्य. मी तिला पाणी द्यायचं तर दूर, धड बोललेही नव्हते, तरी तिने माझं घर राखलं. त्याचं ऋण मी फेडू शकत नाही, आणि फेडावं असंही वाटत नाही. डोक्यावर असलेलं बरं वाटतं. तेव्हापासून दारात कोणी आलं की मी आधी पाणी देते, मग गाव विचारते. सकाळी मारोतीपुढे हात जोडते तेव्हा प्रार्थना तीच आहे, नुसती उलटी झालीय. मारोतीराया, तू पाह्य. मी चरवी भरून ठेवतो.