गुलाबमामांची तीन बोटं

गुलाबमामा गाडीपाशी आले की आधी पाण्याचा तांब्या मागत. निम्मं पाणी पीत, उरलेल्यानं उजवा हात धुवून लेंग्याला पुसत आणि मग इंजिन चालू करायला सांगत. इंजिन धडधडू लागलं की डिझेलची फवार सोडणाऱ्या इंजेक्टरकडं जाणाऱ्या बारक्या लोखंडी नळ्यांवर ते एकेक करून तीन बोटं ठेवत, वैद्य मनगटावर ठेवतो तशी. डोळे मिटलेले, मान जराशी कलती. "दोन नंबरचा ठोका चुकतुय," एवढंच म्हणत. दोन नंबरचा इंजेक्टर काढला की त्याचं तोंड खरोखरच काजळीनं बुजलेलं निघे. वडगाव रासाईपासून नदीपलीकडं यवतपर्यंतचे ट्रॅक्टरवाले त्यांना नाडीवाले मामा म्हणत.

ती तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका मी लहानपणापासून पाहत आलो. त्यातली दोन बोटं शेवटी राहिली नाहीत, आणि ती का राहिली नाहीत हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

गुलाब शेख कासुर्डीचे. आईचं माहेर कासुर्डी, आणि दोघं एका वर्गात शिकलेली. आई त्यांच्यापेक्षा चार महिन्यांनी मोठी, एवढ्या भांडवलावर ती त्यांची अक्का झाली आणि मी आपोआप भाचा. त्यांनी कधी गॅरेज काढलं नाही. खताच्या गोणीत पाने-पकडी भरून, गोणी मोपेडच्या पायाशी ठेवून ते नदीच्या पुलावरून अलीकडं, आमच्या बाजूला येत आणि ज्याच्या त्याच्या अंगणात काम करत. "गॅरेजात नेली की गाडी बुजती," म्हणायचे. "दारात उभी असली की खरं बोलती." हे ते इतक्या गंभीरपणे सांगत की ऐकणारा गाडीकडं जरा आदरानं बघू लागे.

टर्बोच्या नव्या डिझेल गाड्या आल्या तेव्हा मामांनी साठी ओलांडली होती. त्यांच्या वयाचे बाकीचे मिस्त्री हात झटकून मोकळे झाले. मामा मात्र दौंडला एका पंप दुरुस्तीच्या दुकानात पंधरा दिवस पोरांच्या शेजारी स्टुलावर बसून आले. परत आले ते थोडे घाबरूनच. "भाच्या, ह्या गाड्यांच्या नळीत डिझेल न्हाई फिरत, सुरी फिरती," म्हणाले. जुन्या इंजिनात नळी ओली झाली तर फडक्यानं पुसायची. नव्या गाडीत दिसणार नाही एवढ्या भोकातून निघालेली धार कातडी फोडून आत शिरते. म्हणून त्यांनी नवा नियम केला. गळती शोधायची ती पुठ्ठा फिरवून. पुठ्ठ्यावर डाग उमटला की तिथं गळतंय. "आधी पुठ्ठा, मग डोळा. हात कवाच न्हाई." दुसरा नियम असा की गाडी बंद केल्यावर दहा मिनिटं नटाला पाना लावायचा नाही. "बंद झालं म्हंजी गप झालं असं न्हाई."

आणि एक गोष्ट त्यांनी स्वतःपुरती केली होती. नव्या गाडीचं इंजिन चालू असलं की ते उजवा हात बंडीच्या खिशात घालून उभे राहत. कुणी विचारलंच तर हसून म्हणत, "त्याला जुनी खोड हाय. बांधून ठिवल्याला बरा."

मी रांजणगावच्या एका कारखान्यात हायड्रॉलिक प्रेसवर आहे. आमच्या विभागाच्या दाराशी सुरक्षेचा एक फलक आहे. त्यावर एका बोटाचा फोटो आहे आणि बोटावर तिळाएवढा पांढुरका ठिपका. शेजारी त्याच बोटाचा दुसऱ्या दिवशीचा फोटो आहे, त्याच्याकडं आम्ही कुणी फारसं बघत नाही. खाली लिहिलंय, 'रक्त नसलं, दुखत नसलं तरी थांबू नका. लगेच सांगा.' प्रेसचं तेलही असंच दाबाचं असतं. दर सोमवारी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी हे आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवतात. मला ते पाठ आहे. हे आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं मला पळवाट राहणार नाही.

चार वर्षांपूर्वीच्या एप्रिलमधली गोष्ट. माझी जुनी टर्बो गाडी सकाळी पांढरा धूर टाकू लागली होती, चढाला तर जीवच सोडायची. मामांनी चारही इंजेक्टर बदलायला सांगितले. सोमवारी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन पुण्याला ठरलं होतं. तीन वेळा पुढं गेलेली तारीख होती ती. म्हणून शनिवारी काम काढलं. जुने इंजेक्टर कार्बननं इंजिनाच्या हेडमध्ये घट्ट बसले होते. मामांनी त्यांच्या बुडाशी डिझेल सोडून रात्रभर तसंच ठेवलं, आणि रविवारी सकाळी दात उपटावेत तसे हलवत हलवत चारही बाहेर काढले. बसायची जागा कानातला मळ काढावा इतक्या हळू साफ केली. तांब्याची वॉशरं नवी, इंजेक्टर नवे. नळ्याही नव्या आणल्या होत्या, पण चौथी लावायला घेतली तर तिचा बाकच वेगळा. दुकानदारानं चुकीची दिली होती आणि रविवारी दुकान बंद.

"नव्या इंजेक्टरला जुनी नळी न्हाई लावायची," मामा म्हणाले. "एकदा आवळलेलं तोंड दुसऱ्या जागंवर नीट बसत न्हाई. मंगळवारी लावू."

"मामा, उद्या आईला न्यायचंय," मी म्हणालो. "जुनीच बसवा. आल्यावर बदलू."

ओट्यावर आई गवार मोडत बसली होती, तिच्याकडं त्यांनी पाहिलं. मग जुनी नळी उचलली, तिचं तोंड तीन वेळा पुसलं आणि बसवली. गुलाबमामांनी स्वतःचा नियम मोडताना मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि मला बरं वाटलं.

अकरा वाजता गाडी चालू केली. टर्बोची बारीक शिट्टी ऐकू आली. मामांचा उजवा हात खिशात, डाव्या हातात पुठ्ठा. पहिल्या तीन नळ्यांभोवती त्यांनी पुठ्ठा फिरवला. कोरडा. तेवढ्यात इंजिनानं एक ठोका चुकवला. मग आणखी एक. मलाही तो ऐकू आला. मामांची मान कलती झाली, डोळे मिटले, आणि उजवा हात खिशातून बाहेर आला. तो त्यांनी काढला असं मला वाटत नाही. चाळीस वर्षांची सवय होती, ती हाताला घेऊन गेली. तीन बोटं चौथ्या नळीवर टेकली.

मी "मामा" म्हणेपर्यंत त्यांनी हात मागं घेतला होता. मी गाडी बंद केली. ते बोटाकडं बघत होते. "मुंगी चावल्यागत झालं," म्हणाले.

मी त्यांचा हात हातात घेतला. मधल्या बोटाच्या पेरावर तिळाएवढा पांढुरका ठिपका होता. रक्त नव्हतं. तो ठिपका मी ओळखला. त्या फोटोतल्या आणि या ठिपक्यात काहीही फरक नव्हता.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"न्हाई रं."

"मग आवरूया मामा," मी म्हणालो.

एवढंच बोललो मी. त्या तीन शब्दांच्या जागी दुसरं बोलायला मला कुणी अडवलं नव्हतं.

त्यांनी साबणानं हात धुतला, दहा मिनिटं थांबून नळी पुन्हा आवळली. या खेपेला पुठ्ठा कोरडा राहिला. नव्या इंजेक्टरांवरचे नंबर मशीननं गाडीच्या कॉम्प्युटरात भरले. दुपारी आईनं ताट वाढलं तर मामांनी अर्धीच भाकरी खाल्ली. "बोट जरा ताठल्यागत झालंय अक्का, मोडता यीना," असं ते आईला सांगत होते. मी मान खाली घालून जेवत होतो. तीनला ते मोपेडवरून पुलाकडं गेले. ब्रेक दाबायला त्यांना तोच हात लागत होता. मी गाडी धुवायला घेतली.

दिवेलागणीला त्यांच्या मुलाचा, सलीमचा, फोन आला. "दादा, अब्बांचा हात कोपरापातुर सुजलाय. बोट काळं पडलंय." मी तीच गाडी काढली. कासुर्डीतून मामांना घेऊन पुण्याच्या रस्त्याला लागलो. गाडी इतकी सुंदर कधीच चालली नव्हती. मागच्या सीटवर मामा कण्हत होते आणि मधूनच म्हणत होते, "पिकअप चांगला घेतीय."

डॉक्टरांनी विचारलं, "कधी लागलं?"

"अकराला," मी म्हणालो.

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. "सकाळी?" त्यांनी विचारलं.

तर्जनी आणि मधलं बोट काढावं लागलं. रात्रभर घरी राहिले असते तर हातच गेला असता, असं डॉक्टरांनी सलीमला सांगितलं. सलीमनं तिथंच माझे दोन्ही हात धरले. शुद्धीवर आल्यावर मामांनी पहिलं विचारलं ते, "अक्काचा डोळा झाला का?" झाला होता. माझी बायको आईला घेऊन एसटीनं पुण्याला आली होती. सकाळच्या गाडीला दोघींना बसायला जागाही मिळाली होती.

तीन महिन्यांनी मामा सलीमच्या मागं बसून आमच्या अंगणात उतरले. खिशात बरोबर बाकाची नवी नळी. "ती जुनी नळी तशीच हाय. मला झोप लागत न्हाई," म्हणाले. पाना मी धरला, ते सांगत गेले. शेजारी जमले होते, त्यांना मामा कौतुकानं म्हणाले, "ह्यो भाचा व्हता म्हणून हात ऱ्हायला. येळेवर न्हेलं त्यानं." पुढं हे ते सगळीकडं सांगू लागले. यवतच्या बाजारात अनोळखी माणसानं मला चहा पाजला तो याच पुण्याईवर.

त्या दिवशी लोक पांगल्यावर मी धीर केला. "मामा, मला त्या दिवशी..." एवढं म्हणालो आणि अडलो. त्यांनी उरलेली दोन बोटं आणि अंगठा माझ्या मनगटावर ठेवला. डोळे मिटले.

"भाच्या, तुझा ठोका चुकतुय," ते म्हणाले.

मी हसल्यासारखं केलं आणि हात काढून घेतला. ते गोणी आवरू लागले. त्यांना कळलं होतं का, हे मला कधीच समजणार नाही. पुढं कुणापाशी त्यांनी माझं कौतुक कमी केलं नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटते.

गेल्या थंडीत छातीच्या दुखण्यानं ते गेले. कासुर्डीच्या कब्रस्तानात मी मागं उभा होतो. सलीमनं माझा दंड धरून मला पुढं आणलं आणि लोकांना सांगितलं, "ह्यांनी अब्बांचा हात वाचवला होता." लोकांनी वाट करून दिली. मी तीन मुठी माती टाकली. मुठीतून माती सुटता सुटेना.

फलक अजून दाराशीच आहे. हल्ली दर सोमवारी नव्या पोरांना तो मीच वाचून दाखवतो. शेवटचे दोन शब्द मी दोनदा वाचतो, पोरांना वाटतं सवय असेल.

हे लिहून झालं की मी कासुर्डीला जाणार आहे. सलीमला समोर बसवून सगळं वाचून दाखवीन, ते तीन शब्दसुद्धा. त्याआधी हा कागद दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचा नाही असं ठरवलंय. तेव्हा तुम्ही हे वाचत असाल, तर सलीमला कळलेलं आहे.