मंगळवारचा चष्मा

बायको गेल्यावर चष्मेवाले काका मुलाच्या शहरात राहायला आले. तिथे त्यांच्या लक्षात आलं, की उभ्या आयुष्यात आपण एकही मित्र जोडला नाही. ते खातं बायकोकडे होतं. शेजारी, सोयरे, कुणाचं दुखणंखुपणं सगळं ती बघायची आणि काका पिशवी धरून मागे उभे. आता नुसती पिशवीच हातात राहिली होती.

"बाबा, बागेत जात जा. तुमच्या वयाचे खूप जण येतात तिथे," मुलगा म्हणाला.

काका गेले. एका बाकावर टेकतात न टेकतात तोच एक गृहस्थ म्हणाले, "इथे आमचे साहेब बसतात." दुसऱ्या बाकावर त्या साहेबांचे मेहुणे बसत. पाच दिवस काकांनी उभ्यानेच बाग पाहिली आणि सहाव्या दिवशी नाद सोडला. वाचनालयात गेले, तर तिथे बोलायलाच बंदी. म्हातारपणी नवा माणूस भेटायचा तरी कुठे, हे काही कुणी सांगेना. शेवटी त्यांनी कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात काम धरलं. काचा घासण्यात आणि काड्या सरळ करण्यातच हयात गेली होती, निदान हातांना तरी ओळखीचं काही मिळालं.

एका मंगळवारी तिथे नकाशेवाले आले. जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे काढून निवृत्त झालेले, उंच, जरा वाकलेले. त्यांच्या चष्म्याची डावी काडी लोंबत होती. काका स्क्रू पिळत असताना त्यांनी एका रस्त्याची गोष्ट सांगितली. तो त्यांनी तीन वेळा काढून दिला, पण बांधला कुणी नाही. "नकाशात आहे अजून. लोक बघून निघतात आणि कुणाच्या तरी शेतात जाऊन उभे राहतात!"

काका कितीतरी महिन्यांनी पोट धरून हसले. आणि मग त्यांनी जन्मात केली नव्हती ती लबाडी केली. स्क्रूला शेवटचा अर्धा पीळ दिलाच नाही.

पुढच्या मंगळवारी काडी पुन्हा लोंबत आली. त्याच्या पुढच्याही. नकाशेवाल्यांसाठी एक स्टूल ठरून गेलं, चहाचे दोन कप येऊ लागले. पण महिन्याभराने काकांना स्वतःचीच लाज वाटली. भल्या माणसाला उगाच हेलपाटे! त्यांनी मन घट्ट करून स्क्रू पक्का आवळला. आता हा कशाला येतोय, या विचाराने आठवडाभर त्यांना जेवण गोड लागलं नाही.

मंगळवारी नकाशेवाले हजर, आणि काडी लोंबतेय! काकांनी स्क्रू बदलला, तरी तेच. स्क्रूच्या खाचेवरचे ओरखडे पाहून त्यांना वाटलं, आपलाच हात थरथरायला लागला.

"फ्रेमच गेलीय. नवी घ्या," ते एकदा बोलून गेले आणि बोलून पस्तावले.

"छे हो. नाकाला हिचीच सवय झालीय," नकाशेवाले म्हणाले.

'घरी या की एकदा चहाला.' एवढंच काकांना म्हणायचं होतं. म्हणजे चष्मा राहो न राहो, माणूस राहिला असता. सुनेला विचारलं, तर ती म्हणाली, "बाबा, विचारताय काय? आणा की त्यांना." काकांनी आरशासमोर वाक्य घोकलं. पण दुकानात जीभ उचलायची नाही. गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक, भलतंच वाटलं तर? पुढच्या मंगळवारी बघू, म्हणत आठ महिने गेले.

मग एका मंगळवारी ते आले नाहीत. नंतरच्याही नाहीत. स्क्रू पिळल्याची नोंद दुकानात ठेवत नसत, त्यामुळे ना नाव होतं, ना पत्ता. काका दर मंगळवारी दाराकडे बघत बसायचे.

दोन महिन्यांनी एक बाई आल्या आणि त्यांनी तोच चष्मा पुढे ठेवला. "वडलांचा आहे. ते गेले. यात माझ्या नंबरच्या काचा बसवून द्याल?"

काकांनी मान डोलावली. बाई नेमक्या त्याच स्टुलावर बसल्या. काचा बसवता बसवता काकांचा हात डाव्या काडीशी थांबला.

"ती ढिलीच आहे," बाई म्हणाल्या. "दर मंगळवारी सकाळी बाबा फळं कापायची सुरी घेऊन तिच्याशी खटपट करत बसायचे. विचारलं की म्हणायचे, मित्राकडे जायचंय. कोण मित्र, ते शेवटपर्यंत कळलं नाही. कळवणार तरी कुणाला?"

काकांना म्हणायचं होतं, मीच तो. पण जीभ उचलेना. त्यांनी डोळे पुसले, स्क्रूला शेवटचा अर्धा पीळ दिला आणि चष्मा पुढे केला. बाई निघाल्या तेव्हा एकदाची जीभ उचलली, आणि तिच्यावर आलं ते आठ महिने घोकलेलं वाक्य.

"घरी या की एकदा चहाला."

बाईंनी चमकून पाहिलं. "हो, बघू," त्या म्हणाल्या, आणि वडलांचा चष्मा नाकावर नीट बसवत रस्ता ओलांडून गेल्या.