इंग्रजीचा गृहपाठ आणि कोइमतूरचे पाहुणे

आमच्या घरी परप्रांतीय पर्यटकांच्या मुक्कामाची सोय आहे, अशी जाहिरात मी कधीही केलेली नाही. मी फक्त मुलीचा इंग्रजीचा गृहपाठ केला होता.

आम्ही पूर्णगडला राहतो. मी रत्नागिरीत एका सरकारी कार्यालयात लिपिक आहे. सकाळच्या एसटीने जातो, संध्याकाळच्या एसटीने येतो. आमच्या वाडीत कुणालाही इंग्रजीत अर्ज लिहायचा असला की तो कोरा कागद घेऊन माझ्या पडवीत येऊन बसतो, कारण मिलिंदचं इंग्रजी जबरदस्त, असा सगळ्या वाडीचा समज आहे. हा समज मी गेली वीस वर्षं मोठ्या निगुतीने जपला आहे. त्याची युक्ती साधी आहे. इंग्रजी लिहायचं, बोलायचं नाही.

माझी मुलगी प्रज्ञा दहावीत आहे. तिला शाळेतून गृहपाठ मिळाला : आपल्या परिसरातल्या एका ठिकाणाचं पर्यटकांसाठी इंग्रजीत माहितीपत्रक तयार करा. कसं पोचायचं, काय पाहायचं, कुठे राहायचं, काय खायचं आणि खाली संपर्क, एवढं सगळं त्यात हवं. मी ऑफिसातून आलो, पाय धुतले, चहा घेतला आणि सहज म्हणून तिची वही उघडली. प्रज्ञाने लिहिलं होतं, "पूर्णगड इज अ स्मॉल फोर्ट. यू कॅन सी इट इन ट्वेंटी मिनिट्स. देअर इज सी. देअर इज नो हॉटेल. प्लीज गो बॅक बाय इव्हिनिंग बस."

"काय गो हे?" मी म्हटलं. "पर्यटकांना बोलवायचं असतं. तू हाकलतेस."

"हाकलत नाहीये. हॉटेल नाहीच आहे ना बाबा."

"नाही कसं? आपलं घर आहे की."

"आपलं घर हॉटेल आहे?"

"अगं, हा गृहपाठ आहे, प्रतिज्ञापत्र नाही."

प्रज्ञा गप्प झाली. (ती गप्प झाली की समजावं, आपण चुकतो आहोत. पण हे मला नेहमी नंतर समजतं.) मी तिचं पेन घेतलं आणि बसलो. जेवायची हाक आली तरी उठलो नाही. पूर्णगड मी डोंगर आणि समुद्र यांच्या कुशीत 'नेसल्ड' करून टाकलं. आमच्या चिऱ्याच्या चार खोल्यांचं 'हेरिटेज होमस्टे' झालं. खोलीतून समुद्र दिसतो, असंही लिहिलं. वास्तविक आमच्या घरासमोर शेजारच्या अनंतदादाची काजूची बाग आहे, आणि समुद्र पाहायचा तर मागच्या पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं. पण दिसतो. पुढे 'इंग्लिश स्पीकिंग होस्ट' लिहिलं आणि त्याच्यापुढे माझं नाव आणि मोबाईल नंबर. शेवटी हाताला सवय असल्यामुळे आपोआप उमटलं, "टुरिस्ट्स आर हिअरबाय रिक्वेस्टेड टु एन्जॉय द सी."

तिच्या मॅडमना माहितीपत्रक इतकं आवडलं की त्यांनी ते वर्गात वाचून दाखवलं आणि पाचपैकी पाच गुण दिले. मी घरी आलो तर प्रज्ञा तोंड पाडून बसलेली.

"पाचपैकी पाच, आणि चेहरा असा?"

"मॅडमनी 'नेसल्ड'चा अर्थ विचारला."

"मग?"

"मी म्हटलं, नेसलेलं."

"अरे देवा."

"त्या म्हणाल्या, हिरवं नेसलेलं गाव, छान आहे. सगळा वर्ग हसला." मग ती म्हणाली, "बाबा, ते पाच मार्क माझे नाहीत."

हे वाक्य मी ऐकायला हवं होतं. पण मी त्या वेळी माहितीपत्रकाचा फोटो काढण्यात गुंतलो होतो. तो मी स्टेटसला ठेवला. मग ऑफिसच्या ग्रुपवर टाकला, मग मुंबईला कामाला असलेल्या गावकऱ्यांच्या ग्रुपवर. खाली लिहिलं, 'माझ्या मुलीचं इंग्रजी'. आमच्या गावकऱ्यांना तो गृहपाठ आहे हे कळलं. पण त्यांनी ज्यांना पुढे पाठवला त्यांना कोण सांगणार?

आठवड्याभरात फोन सुरू झाले. पहिला पुण्याहून आला. रूम आहे का? आता मी सरळ सांगायला हवं होतं की, साहेब, हा मुलीचा अभ्यास आहे. पण लाज वाटली. म्हणून म्हटलं, "सॉरी, फुल्ल आहे." दुसऱ्यालाही तेच सांगितलं, तिसऱ्यालाही. परिणाम असा झाला की पूर्णगडातलं ते होमस्टे कायम भरलेलं असतं, म्हणजे चांगलंच असणार, अशी कीर्ती पसरली आणि फोन दुप्पट झाले.

मग एके दिवशी एसटीत असताना फोन वाजला. गाडी पावस गावच्या चढाला लागली होती. खिडक्या खडखडत होत्या. पलीकडचा माणूस इंग्रजीत बोलत होता, तेही न थांबता. मला दोनच शब्द नीट कळले : 'पेरेंट्स' आणि 'सॅटर्डे'. मी ओळखलं. प्रज्ञाच्या शाळेतून फोन आहे, शनिवारी पालकसभा आहे. शेजारी आमच्याच वाडीचा माणूस बसला होता, तेव्हा मी जरा आवाज चढवूनच म्हटलं, "येस सर. ओके सर. वेलकम सर." शेजारचा माणूस आदराने सरकून बसला.

शनिवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून शाळेत गेलो. शिपाई म्हणाला, "कसली सभा? काय नाय आज." मी परत आलो, शर्टाची वरची दोन बटणं काढली, आणि अंगणात पांढरी गाडी येऊन थांबली.

गाडीतून एक सत्तरीचे गृहस्थ उतरले, कपाळावर भस्म, हातात काठी. मागून त्यांची पत्नी, रेशमी साडी, केसांत अबोलीचा गजरा. ड्रायव्हरने दोन बॅगा पडवीत ठेवल्या, रत्नागिरीला दुसरं भाडं आहे म्हणाला, आणि गाडी वळवून निघूनही गेला.

"मिस्टर मिलिंद?" गृहस्थांनी हात पुढे केला. त्यांचं नाव रामनाथन, कोइमतूरचे. त्यांचा मुलगा मुंबईत नोकरीला. त्याच्या ऑफिसात आमच्या गावचा एक जण, त्याच्याकडून माहितीपत्रक मुलाला आणि मुलाकडून आईवडिलांना. दोन दिवस गणपतीपुळ्याला राहून ते तिथली खोली सोडून थेट आमच्याकडे आले होते. एसटीतला तो फोन मुलाचा होता. 'माय पेरेंट्स आर कमिंग ऑन सॅटर्डे,' असं तो म्हणाला होता. हे सगळं मला मागाहून समजलं. त्या वेळी मी फक्त मान हलवत उभा होतो. हिंदीत विचारून पाहिलं, तर ते म्हणाले, "नहीं मालूम." त्यांना हिंदीतलं तेवढंच येत होतं.

रंजना, माझी बायको, हातात उलथनं घेऊन बाहेर आली. आत बांगडे तळत होते.

"कोण ओ हे?"

"पाहुणे."

"कुणाचे?"

"आपले. म्हणजे... माझ्या गृहपाठाचे."

रंजनाने माझ्याकडे जे पाहिलं, ते लिहायला मला मराठीसुद्धा पुरणार नाही. तेवढ्यात बाईंनी पदर नाकाला लावला आणि नवऱ्याच्या कानात काहीतरी बोलल्या. ती दोघं शुद्ध शाकाहारी आहेत, हे कळायला भाषेची गरज नव्हती.

मी इंग्रजीत बोलायला तोंड उघडलं. बाहेर आलं ते असं : "सर, विथ रेफरन्स टु अबोव्ह..." आणि पुढे काही येईना. वीस वर्षांत मी 'अबोव्ह सब्जेक्ट'च्या पलीकडे तोंडी कधी गेलोच नव्हतो. रामनाथन वाट पाहत राहिले. मग त्यांनी मोबाईलवर माझं माहितीपत्रक उघडलं, चष्मा वर केला आणि एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, इंग्लिश स्पीकिंग होस्ट कोण आहेत?

प्रज्ञा दारात उभी होती. ती पुढे आली आणि म्हणाली, "आय ॲम स्पीकिंग. माय फादर इज ओन्ली रायटिंग."

मग तिने त्यांना खुर्च्या दिल्या, कोकम सरबत दिलं, आणि समोर उभी राहून सगळं खरं सांगितलं. "सर, धिस इज नॉट हॉटेल. धिस इज माय होमवर्क. आय रोट ट्रू. माय फादर मेड इट बेटर."

"होमवर्क?" रामनाथन म्हणाले.

"येस सर. सॉरी सर."

बाई गुडघा चोळत होत्या. रामनाथन गाडी गेली त्या रस्त्याकडे बघत होते, आणि मला पहिल्यांदा कळलं की आपण केलंय काय. दोन थकलेली माणसं, भाषा येत नाही, गाडी गेलेली, परतीची खोली सोडलेली, आणि हे सगळं माझ्या इंग्रजी लिहिण्याच्या हौसेपायी. जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं. आमची जमीन जांभ्याची. ती घेत नाही.

प्रज्ञा बाईंजवळ जाऊन खाली बसली. तिने शब्द जुळवले. जुळत नव्हते तिथे हात वापरले. "आंटी, यू आर टायर्ड. धिस इज नॉट होमस्टे. धिस इज होम. यू स्टे."

बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

त्यानंतर घराचा ताबा मायलेकींनी घेतला. रंजनाने बांगड्यांचा तवा उचलून अनंतदादाकडे पोचवला, खिडक्या उघडल्या, ओटा घासला आणि नव्याने चूल मांडल्यासारखी उभी राहिली. मला उशांचे अभ्रे बदलायचं काम मिळालं. तेही मी दोनदा उलटे घातले.

रामनाथननी विचारलं, सी व्ह्यू कुठे आहे? प्रज्ञा म्हणाली, "सी व्ह्यू इज ऑन वॉटर टँक. प्लीज क्लाइंब स्लोली." मला वाटलं, आता मात्र हे रागावणार. पण त्यांनी काठी माझ्या हातात दिली, प्रज्ञाचा खांदा धरला आणि टाकीच्या पायऱ्या चढले. वर उभे राहून दोघं सूर्य बुडेपर्यंत बोलत होते. मी खाली काठी धरून उभा होतो. प्रज्ञाचं अर्धं इंग्रजी चुकत होतं, हे मला खालूनही कळत होतं. 'गो'चं 'वेंट' होत नव्हतं, 'ही'च्या जागी 'शी' येत होतं. पण ती थांबत नव्हती. शब्द अडला की दुसरा शोधायची, तोही अडला की बोट दाखवायची, आणि पलीकडचा माणूस हसत होता, मान डोलवत होता, पुढचं विचारत होता. मी एक चूक होईल म्हणून आयुष्यभर तोंड मिटून बसलो. आणि ही पोर प्रत्येक वाक्यात एक चूक करत करत कोइमतूरला जाऊन आली.

जेवायला कुळथाची पिठी, भात, वालाची उसळ आणि सोलकढी होती. बाईंनी पिठी चाखली आणि हे काय, म्हणून विचारलं. प्रज्ञाला शब्द सुचेना. तिने पळत जाऊन शब्दकोश आणला. त्यात 'हॉर्स ग्रॅम' असं होतं. ती गंभीरपणे म्हणाली, "आंटी, इट इज हॉर्स फूड. प्लीज टेक मोअर."

मला ठसका लागला. पण बाईंचे डोळे चमकले. "कोल्लु," त्या म्हणाल्या. त्यांच्याकडेही कुळीथ रोजचाच, फक्त करायची तऱ्हा निराळी. मग ताट तसंच ठेवून त्या स्वयंपाकघरात गेल्या. त्या तमिळमध्ये सांगत होत्या, रंजना मराठीत विचारत होती, मध्ये प्रज्ञासुद्धा नव्हती, आणि दोघींचं उत्तम चाललं होतं. सगळ्या घरात भाषेवाचून अडलेला मी एकटाच.

पाहुणे एक रात्र राहायचे ते दोन राहिले. रामनाथननी किल्ला पाहिला. वीस मिनिटंच लागली. "शी इज ॲक्युरेट," ते मला म्हणाले, आणि एवढं इंग्रजी मला समजलं. सोमवारी निघताना बाईंनी आपला गजरा रंजनाच्या केसांत माळला आणि प्रज्ञाला बराच वेळ जवळ घेतलं.

त्याच दिवशी प्रज्ञाने शाळेत जाऊन मॅडमना सांगितलं की ते माहितीपत्रक बाबांनी लिहिलं होतं, आणि स्वतःचं दिलं. त्यात एक वाक्य वाढवलं होतं : हॉटेल नाही, पण उशीर झाला तर कुठल्याही घरी विचारा. मॅडमनी पाचपैकी तीन दिले. ती उड्या मारत घरी आली. तिला इतकं खूश मी पाचच्या वेळी पाहिलं नव्हतं. रंजनाने त्या दिवशी शिरा केला. मलाही दिला, पण शेवटी.

जेवण झाल्यावर मी प्रज्ञाला म्हटलं, "मला बोलायला शिकवशील?"

ती हसली नाही. तिने मला एक वही आणून दिली. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी तिच्यासमोर बसतो. ती दहा वाक्यं मोठ्याने बोलायला लावते, चुकलं तरी थांबू देत नाही, आणि दुसऱ्या दिवसासाठी गृहपाठ देते. मास्तरीण कडक आहे. गेल्या मंगळवारी ऑफिसात फायलींचा ढीग होता, म्हणून मी गृहपाठ आमच्या नव्या कनिष्ठ लिपिकाकडून लिहून घेतला. प्रज्ञाने वही वाचली, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खाली लाल पेनाने शेरा लिहिला : 'दुसऱ्याकडून लिहून घेतले आहे. पालकांना घेऊन येणे.'

माझी आई लांज्याला धाकट्या भावाकडे असते. तिला फोन केला आहे. रविवारच्या एसटीने येते म्हणाली.