सगळ्या आळीची उन्हाळी

रत्नागिरीत उन्हाळी लागते ती फक्त माझ्या नवऱ्याच्या मावशीला, बाकी आमच्या आळीतल्या एकाही बाईला लघवीची जळजळ म्हणून काही असतं हे ठाऊकसुद्धा नाही, अशी नाक्यावरच्या मेडिकलवाल्याची कित्येक वर्षं ठाम समजूत होती. त्यात त्याचा काही दोष नव्हता. दर आठ-पंधरा दिवसांनी मावशी त्याच्या दुकानात जात, गर्दी असली तर मुद्दाम पुढे होत आणि "ते जळजळीचं औषध दे हो, उन्हाळी लागल्येय मला" असं अशा आवाजात सांगत की समोरच्या सायकलवाल्याने पंक्चर काढता काढता मान वर करावी. त्या गुलाबी औषधाला डॉक्टरची चिठ्ठी लागत नसे, मागितलं की मिळायचं. पण मागणार कोण? आमच्या आळीतली बाई डोकं दुखतं म्हणेल, पोट दुखतं म्हणेल, फारच झालं तर मूळव्याधही कुजबुजेल, पण ही गोष्ट काही केल्या तोंडातून काढणार नाही. म्हणून सगळ्या आळीची उन्हाळी मावशींनी आपल्या एकटीच्या नावावर घेतली होती. बाटली घरी आणली की त्या ती कोमट पाण्यात बुडवून वरचा कागद सोलून काढायच्या आणि पिशवीत आमसुलांच्या खाली घालून जिची तिला पोचवायच्या. कुणाची बाटली कुणाला कळता कामा नये, हा त्यांचा धर्मच होता म्हणा ना. "मावशी, आणखी कुणाकुणाला देता हो?" असं मी एकदा सहज विचारलं, तर म्हणाल्या, "आज तुला दुसरीचं सांगितलं, तर उद्या दुसरीला तुझंही सांगेन. चालेल?" मी पुन्हा विचारलं नाही.

बाटली हा मात्र त्यांचा शेवटचा उपाय. त्याआधी धन्याजिऱ्याचं पाणी, सब्जा, शहाळं, आणि सगळ्यांच्या आधी नुसतं पाणी. लोक एकमेकांना जेवलीस का विचारतात, मावशी "पाणी प्यायलीस काय गो?" असं विचारायच्या, आणि उत्तर ऐकून घेण्याआधी तांब्या पुढे करायच्या. कुठल्याही लग्नाहून आल्या की जेवणाबद्दल एक अक्षर नाही, मुलीच्या शालूबद्दल नाही; "बायकांची सोय कुठे केलीन होती?" एवढ्यावरून त्या यजमानाची किंमत करत. एकदा त्यांना पुतणीसाठी स्थळ बघायला नेलं. मुलगा शिकलेला, घर चांगलं, आंब्याची कलमंही बऱ्यापैकी. पोहे आले तेव्हा मावशी जागेवर नव्हत्या, त्या परसात जाऊन आल्या होत्या. परत आल्या त्या मुलाला एकही प्रश्न न विचारता निघाल्याच. वाटेत माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "मुलगा गुणाचा आहे रे, पण त्यांच्या संडासाला आतून कडी नाही. इतक्या वर्षांत घरच्या बायकांसाठी साधी कडी लावली नाहीन, ती माणसं आपल्या मुलीला काय सांभाळणार?" ते स्थळ तिथेच बारगळलं. पुतणी पुढे ज्या घरी पडली तिथे दोन कड्या होत्या, हे मावशी अभिमानाने सांगत.

एस.टी.च्या प्रवासात तर त्यांना ऊत यायचा. कोल्हापूरहून येताना एकदा मी त्यांच्याबरोबर होते. घाट उतरला, पाली मागे पडली, हातखंबा आला, आणि मावशी उठून सरळ ड्रायव्हरच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. "गाडी जरा थांबव रे बाबा, मला उन्हाळी लागल्येय." कंडक्टर म्हणाला, "आजी, आता रत्नागिरी आलीच की!" मावशी म्हणाल्या, "रत्नागिरी तुला आली, मला कुठे आली?" गाडी थांबली. मावशी उतरल्या, आणि त्यांच्यामागोमाग "म्हातारीला सोबत म्हणून" असं पुटपुटत गाडीतल्या यच्चयावत बायका उतरल्या. कंडक्टर कपाळाला हात लावून बसला. सगळ्याजणी परत आल्यावर मावशी शेवटी चढल्या आणि माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "मला काही झालेलं नव्हतं हो. त्या खिडकीतल्या पोरीचा चेहरा बघवेना."

माझा चेहराही त्यांनी असाच ओळखला होता. अठ्ठ्याण्णव साली लग्न होऊन मी साताऱ्याकडून रत्नागिरीत आले. घर हवेशीर, माणसं प्रेमळ, पण संडास परसाच्या पार टोकाला आणि वाट मागच्या पडवीवरून. आंब्याच्या मोसमात त्या पडवीत सकाळपासून दिवेलागणीपर्यंत पेट्या भरायचं काम चाले. सासरे, दीर, कामाला आलेले गडी, सगळे पेंढा पसरून बसलेले. त्यांच्यामधून हातात टमरेल घेऊन नव्या सुनेने जायचं म्हणजे वरातीतून जाण्यासारखंच! मी त्यावर साधा उपाय काढला होता, पाणीच प्यायचं नाही. त्याचं फळ मे महिन्यात मिळालं. कुणाला सांगायची सोय नव्हती, पण मावशी आल्या, माझ्याकडे एकदा बघितलंनी आणि दुसऱ्या दिवशी आमसुलांखालून बाटली आली. ग्लासभर पाण्यात दोन चमचे औषध, आंबटगोड चव, आणि संध्याकाळपर्यंत जिवात जीव! पुढच्या मोसमातही तसंच, त्याच्या पुढच्याही.

त्या तिसऱ्या मोसमात मेडिकलवाल्याच्या मनाने उचल खाल्ली. सज्जन माणूस तो. त्याने माझ्या नवऱ्याला हाक मारून सांगितलं, "तुमच्या मावशीला बरेच दिवस त्रास आहे. इतकी वर्षं उन्हाळी बरी नव्हे, आत काहीतरी मोठं असेल. दाखवून घ्या." नवरा पांढराफटक होऊन घरी आला. ते ऐकून सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला, मीही लावला. मावशींना काडीचंही दुखणं नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, पण ते कसं ठाऊक हे सांगायचं म्हणजे माझी बाटली बाहेर येणार. सासूबाईही माझ्यासारख्याच बाटलीवाल्या आहेत आणि पदराआड माझ्यासारखंच नाटक करताहेत, हे मला कुठलं माहीत? मावशींची तर पंचाईतच झाली. मी ठणठणीत आहे म्हणावं, तर मग इतक्या बाटल्या गेल्या कुठे? शेवटी भाच्यापुढे मान खाली घालून त्या म्हणाल्या, "ने बाबा कुठे नेतोस तिथे."

सोबतीला मी गेले. जायला नको होतं, कारण आदल्या दिवसापासून मला थंडी भरून ताप येत होता आणि पाठीत एका बाजूला सणक मारत होती. त्या खेपेची बाटली संपत आली होती. जळजळ थांबली होती, म्हणजे दुखणं बरं होतंय, ताप दगदगीचा असेल, असं मी मनाशी ठरवलं होतं. ताप मी मावशींनाही सांगितला नव्हता.

दवाखान्यात सोनोग्राफीसाठी पोट भरून पाणी प्यायला सांगितलं तेव्हा मावशींचा चेहरा काय खुलला म्हणून सांगू! बायकांना पाणी प्या म्हणून हुकूम करणारी जागा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बघितली. स्वतः प्यायल्या, शेजारच्या बाईला पाजलंनी, तिच्या पलीकडची पडसं दाखवायला आली होती तिलाही पाजलंनी. डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं आणि हसून म्हणाल्या, "आजी, तुमची मूत्रपिंडं तरण्या पोरीची आहेत. मग ते औषध कोण पितं?"

"मीच पिते," मावशी म्हणाल्या. "चव बरी लागते."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "पिणारी जी कोण असेल तिला एवढं सांगा. हे औषध फक्त आग शमवतं. आतला रोग तसाच राहतो. थंडी वाजून ताप आला, पाठीत दुखायला लागलं, तर तो वर मूत्रपिंडापर्यंत गेला म्हणून समजा. मग घरी बसायचं नाही. जिवावर बेतू शकतं."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी खुर्चीत बसून दातावर दात दाबून धरले होते, तरी अंगाची थरथर काही राहत नव्हती. त्यांनी माझं मनगट धरलं आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. दारात माझा नवरा उभा होता, एक परका माणूस रिपोर्ट घ्यायला आला होता, नर्स होती. इतक्या वर्षांत कुणाचं म्हणून नाव घेतलं नव्हतं मावशींनी. मी नाही म्हणून मान हलवली, तीही त्यांनी पाहिली.

"बाटली हिची आहे हो," त्या म्हणाल्या. आवाज तोच, मेडिकलमधला, फक्त चिरकला. "माझ्या सुनेची. आधी हिला तपासा."

त्यानंतर सगळं भराभर झालं. लघवी तपासली, सुई टोचली, गोळ्या लिहून दिल्या, आणखी दोन दिवस काढले असते तर ॲडमिट करावं लागलं असतं हेही डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला ऐकवलं. रिक्षात तो मला म्हणाला, "मला सांगायचंस तरी."

मी काही बोलायच्या आत मावशीच बोलल्या, "कशी सांगेल रे? तुझ्या आईला झालं तेव्हा तिने तरी कुठे सांगितलंन तुझ्या बापाला?" आणि दुसऱ्याच क्षणी त्यांनी जीभ चावली. एका दिवसात दोन नावं! पदर तोंडावर घेऊन त्या रिक्षाच्या कोपऱ्यात अशा अंग चोरून बसल्या की मला तापातही हसू आलं.

पुढच्या मोसमाआधी नवऱ्याने न्हाणीला लागून घरातच संडास बांधून घेतला, आतून चांगली जाड कडी लावून. सासूबाईंनी त्याला का म्हणून विचारलं नाही. मावशी मात्र त्या दिवसानंतर माझा ताप उतरेपर्यंत आमच्या घरी फिरकल्या नाहीत. मीच एका सकाळी त्यांच्याकडे गेले. त्या अंगणात आमसुलांसाठी कोकमाची सोलं वाळत घालत होत्या. मला बघून उठल्या नाहीत, वर बघितलंही नाहीनी. "तुझं नाव घेतलं गो मी," म्हणाल्या, "चारचौघांत. रागावली असशील." मी त्यांच्याजवळ बसून सोलं पसरू लागले आणि "नाही हो मावशी" एवढंच म्हणाले. त्यांना ते पटलं नाही, हे मला दिसत होतं.

आता मावशी नाहीत. जिवावरचं ते दुखणं मी माहेरी लपवलं होतं, सासरी लपवलं होतं, स्वतःपासूनही लपवलं होतं. ते माझं आहे असं माझ्या वतीने मोठ्याने म्हणणारं माणूस मला त्या दिवशी पहिल्यांदा भेटलं, आणि अंगणात बसून तेच माणूस माझी क्षमा मागत होतं.