तबकडी फिरल्याशिवाय तोंड न उघडणारी पेटी

मॉरिशसमधल्या मोंतान्य ब्लांश गावच्या गणपतीत कॉम्प्युटर आरतीची चाल वाजवणार होता, आणि आवाजासाठी होता एका बंद बारमधला जुना ज्यूकबॉक्स, म्हणजे तबकड्या वाजवणारी पेटी. रत्नागिरीहून गिरणीत कामाला आलेला मी सातवी नापास, तरी "जोडतो की!" म्हणून बसलो. कॉम्प्युटरची तार पेटीला जोडली, पण पेटी मुकीच. मी घाबरून तार पुन्हा पुन्हा काढून जोडत राहिलो.

गर्दीतला एक म्हातारा मेकॅनिक पुढे आला. दार ठोठावावं तशी त्याने पेटी ठोठावली.

"पा गान्य पेर, म्हंजे भिऊ नको. तुजी तार बराबर हाय. तबकडी फिरल्याबिगर ही तोंड उघडीत नाय."

त्याने सेगा या तिथल्या नाचगाण्याची तबकडी फिरवली, पण ते गाणं वाजू नये म्हणून सुई मात्र सुतळीने वर बांधली. आरती दणाणली.

"कोणी केलं?" मंडळाच्या अध्यक्षांनी विचारलं.

"ह्या पोरानं. मी परसादाला आलोय."

माझ्या वाट्याचे मोदकही मी त्यालाच वाढले.